गिरमिट

"पाऊस न्हाई त्यो, ताई. छत्री मिटा,"
बमू झोरे म्हणाला.
आभाळ निळंशार, ढेबेवाडीच्या वरच्या सागात
भाद्रपदाचं ऊन,
आणि तरी पानापानावर टप टप, माझ्या वहीवर टप टप:
मोहरीहून बारीक काळ्या लेंड्या.
वर जबड्यांची पाळी चालू होती.

मी चादर अंथरली, एक मीटर बाय एक मीटर,
घरून आणलेली, कडेला इस्त्रीचा डाग.
तासाभराने झटकून, गाळून, काट्यावर ठेवलं:
साडेतीन ग्रॅम.
म्हणजे एवढं रान
एवढ्या वेळात
एवढं झालं.

पान उन्हाकडे धरलं की शिरांच्या जाळीतून
वांगेच्या पलीकडचा डोंगर दिसायचा, तुकड्या-तुकड्यांनी.
बमू म्हणाला, आमच्या आईच्या लुगड्याचं शेवटी असंच झालेलं,
तरी ती नेसायची.
एक कोवळं पान शाबूत होतं. चोळलं तर बोटं लाल.
त्याने ते बोट कपाळाला लावलं, हसला,
आणि बाहीने पुसून टाकलं.

चाळीस झाडं, प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला.
खिळा ठोकताना मी दर वेळी दचकायची.
तो नाही.
"आमीच लावल्यात ही. खड्ड्यामागं चार आणं.
सायेब म्हनला, फकस्त साग.
हिरडा, ऐन, कुंभा, समदं काडून टाका."
एका सागावरून धाग्याने सुटलेल्या अळीला
खाली वाऱ्यात
दुसरा सागच भेटतो.
हे मी वहीत लिहिलं नाही. रकाना नव्हता.

मग गिरमिट काढलं.
कराडहून तांबोळी मॅडमनी सही घेऊन दिलेलं;
हरवलं तर माझं वर्षभराचं विद्यावेतन गेलं.
छातीच्या उंचीवर टेकवलं, दोन्ही हातांनी फिरवत राहिले.
साग करकरला. भोकातून भुसा आला,
ओला, पिवळट,
खोडकिड्याच्या भोकाखाली साठतो
अगदी तसा.
मी भुशाकडे बघितलं, बमूने माझ्याकडे.
"झाडाला काय कळतंय," तो म्हणाला,
"कुनाचं प्वाट आन् कुनाचं शिक्षान."

बाहेर आली उदबत्तीएवढी कांडी,
तिच्यावर वर्षं आडवी आखलेली.
भिंग लावून सालीकडून आत मोजत गेले,
रुंद, रुंद, अरुंद, रुंद,
आणि एकविसाव्या जागी
दोन रेघा जवळजवळ चिकटलेल्या.

"एकवीस वर्षांमागं इथं काय झालं होतं?"

तो कांडीकडे बघायलाही आला नाही.
"गौरी बसल्या तवा रान उघडंबोडकं झालं व्हतं.
किड्यानं एक पान ठेवलं न्हाई.
सावली न्हाई म्हनून म्हसरं दिसभर वड्यात.
माजी थोरली त्याच साली नांदायला गेली,
हितनंच, ह्या वाटंनं.
एरवी त्या वळणाला मानूस दिसंनासं हुतंय.
त्या दिशी
खालच्या रस्त्यापत्तुर दिसत ऱ्हायली."

मी लिहिलं: झाड क्र. १७. वलय २१. ०.८ मि.मी.
कांडी शीतपेयाच्या नळीत सरकवली, दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद.
भोकात मेण भरलं, अंगठ्याने दाबलं.
माझं झाल्यावर बमूने
वरून आणखी एकदा दाबलं,
आणि हात तिथेच ठेवून थोडा वेळ
वाटेकडे बघत उभा राहिला.
टप टप चालूच होतं.

संध्याकाळच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला,
"मॅडम, कॉलरवर बघा. हिचं तिकीट?"
हिरवी, पाठीवर ठिपक्यांची रांग,
मान उचलून हवेत काहीतरी चाचपत होती.
नमुना म्हणून उत्तम. अजून एक हवाच होता.
तळमावले येईपर्यंत मी स्पिरिटची बाटली शोधत होते.

बाटली मांडीवरच होती.